हाताने बनवलेलं ट्विस्ट पेन नीट फिरत नाही? ठोकाठोकी करण्याआधी हे तपासा

कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं, लेथवर घडवलेलं लाकडी पेन तुमच्याकडेही असेल. वरचा भाग फिरवला की टोक बाहेर, उलटा फिरवला की आत. मग एक दिवस ते अडकतं, किंवा नुसतंच गोल गोल फिरत राहतं. आपण म्हणतो, 'मेकॅनिझम गेलं' आणि पेन ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. मित्रमंडळींची अशी पेनं माझ्याकडे येत असतात. त्यातल्या बऱ्याच पेनांत मेकॅनिझम ठणठणीत असतं, बिघाड त्याच्या आजूबाजूला असतो.

आज आपण 'स्लिमलाइन' प्रकाराबद्दल बोलू, कारण घरगुती लेथवर बनणाऱ्या पेनांत हा सर्वात जास्त दिसतो.

आत नेमकं काय असतं?

लाकडाचे दोन तुकडे आणि प्रत्येकाच्या आत 7 मिलिमीटरची पितळी नळी. खालच्या नळीत पुढून टोकाचा धातूचा भाग दाबून बसवतात आणि मागून ट्विस्ट मेकॅनिझम. मेकॅनिझमचा पितळी भाग खालच्या नळीत घट्ट रुतलेला असतो. त्याचा चकचकीत भाग मधून बाहेर डोकावतो, आणि वरचा लाकडी भाग त्यावर नुसता सरकवलेला असतो. तिथे ना आटे ना गोंद, फक्त घर्षण. फिरवल्यावर आतली तिरकी खाच रिफिलला पुढे-मागे ढकलते. ग्लू-स्टिकचं बूड फिरवल्यावर कांडी वर येते ना, तसाच काहीसा प्रकार.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टोकांजवळ पितळी नळीवरचं लाकूड एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. पक्कड लावली किंवा हातोडीचा फटका चुकला, तर तडा जातो आणि तो तडा परत मिटत नाही. पार्ट नवीन मिळतो, पण तुमच्यासाठी कुणीतरी निवडलेला तो लाकडाचा तुकडा मिळत नाही. म्हणून आधी फक्त हातांनी होणाऱ्या तपासण्या.

दोन मिनिटांची टेस्ट

वरचा भाग सरळ ओढून काढा. ओढताना किंचित फिरवला तर चालेल, वाकवू मात्र नका. आता चकचकीत भाग बोटांनी फिरवा. टोक व्यवस्थित आत-बाहेर होतंय? मग मेकॅनिझम चांगलं आहे आणि दोष वरच्या भागाच्या पकडीत आहे.

खात्री नसेल तर फोन बाहेर काढा. चकचकीत भागावर आणि खालच्या लाकडाला चिकटवलेल्या कागदी टेपवर मार्करने एकेक ठिपका द्या, आणि फिरवताना स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. लाकडावरचा ठिपका जागेवर, वरचा फिरतोय आणि टोकही आत-बाहेर होतंय, तर ठीक. वरचा ठिपका फिरतोय पण टोक हलतच नसेल, तर अख्खं मेकॅनिझमच खालच्या नळीत सैल झालेलं असू शकतं. नुसत्या डोळ्यांना हा फरक पटकन कळत नाही.

वरची पकड सैल असेल तर चकचकीत भागावर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एकच वेढा गुंडाळा, जास्तीची कापा आणि वरचा भाग परत बसवा. नेलपॉलिशचा पातळ हात देऊन पूर्ण वाळवलं तरी काम होतं. इथे फेव्हिक्विक मात्र अजिबात नको! रिफिल याच बाजूने बदलायची असते. वरचा भाग चिकटला की शाई संपली तेव्हा पेनही संपलं.

खालची पकड सैल असेल तर गोंद लागतोच, पण तिथे दोन ट्यूबवाला घट्ट इपॉक्सी वापरा, टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच, आणि फक्त पितळी भागाला. फेव्हिक्विक पाण्यासारखं पातळ असतं. ते फटीतून झिरपून मेकॅनिझमलाच कायमचं जाम करतं.

टोक पूर्ण बाहेर येत नाही, किंवा आतच जात नाही

आधी रिफिल बघा. वरचा भाग काढल्यावर रिफिलचं मागचं टोक दिसतं. ते आट्यांवर पूर्ण बसलंय का? घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवून काढा आणि पुन्हा घट्ट लावा. क्रॉस पद्धतीची दुसरी रिफिल लावूनही बघा, कारण स्वस्त रिफिलींच्या लांबीत फरक पडतो.

तरीही तसंच असेल तर मेकॅनिझम किती खोल दाबलंय हा प्रश्न आहे. टोक कमी बाहेर येत असेल तर ते अजून थोडं आत दाबावं लागेल. सुताराच्या शिकंज्यात दोन्ही बाजूंना लाकडी चिपा ठेवून, एका वेळी अर्धा मिलिमीटर, आणि दर वेळी फिरवून बघत. टोक आत जातच नसेल तर ते जास्त खोल गेलंय, आणि हे काम किचकट आहे. रिफिल काढायची, पोकळ मेकॅनिझममधून बारीक सळई घालून पुढचं टोक बाहेर ठोकायचं, मग पुढच्या बाजूने जाड सळई घालून मेकॅनिझम काढायचं. माझं स्पष्ट मत: पहिल्यांदाच करत असाल तर हे पेन बनवणाऱ्याकडे द्या. तडे जातात ते याच पायरीवर.

जड फिरतंय?

वरचा भाग मधल्या रिंगवर फार आवळून बसला असेल, तर केसभर मागे ओढा. नाही जमलं तर फोनच्या टॉर्चने वरच्या नळीत बघा. वाळलेल्या गोंदाचे पिवळट-पांढरे ठिपके दिसले तर बारीक गोल कानसने हळूच खरवडा. तेल घालू नका; तेल वरच्या पकडीवर पसरलं की ती सुटते.

पावसाळ्याला दोष देणारेही भेटतात. लाकूड दमट हवेत फुगतं हे खरं, पण ते रेषांच्या आडव्या दिशेला. लांबीत जेमतेम फरक पडतो. या पेनात रेषा बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि मेकॅनिझम पितळी नळीत असतं. त्यामुळे बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं.

तुमचं पेन जाडजूड असेल आणि त्यात 98 मिलिमीटरची पार्करछाप रिफिल असेल, तर वरचं बरंच काही लागू होत नाही. तिथे रिफिल मागे आणायचं काम स्प्रिंग करते. टोक आत जात नसेल तर आधी स्प्रिंग आहे का ते बघा. रिफिल बदलताना ती जुन्या रिफिलीसोबत कचऱ्यात गेलेली असते!

आणि मेकॅनिझम खरंच गेलं असेल, म्हणजे बोटांनी फिरवताना एकाच जागी कचकच होते किंवा आटे घसरतात, तर फक्त तेवढाच सुटा भाग मिळतो. जुना भाग पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि विक्रेत्याला पाठवा. 7 मिलिमीटर हे माप एकच असलं तरी लांबीत फरक असू शकतो.