वारशानें आलेली दुर्बीण

पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं एखादी लांबट लांकडी पेटी पडलेली असते. आजोबांनीं किंवा मामांनीं ती पूर्वीं हौसेनें घेतलेली असून, त्यांच्या मागें तिचें झांकण कोणी उघडलेलें नसतें. आंत एक पांढरी नळी, घडीची तिपाई आणि दोनतीन लहान नेत्रभिंगें असतात. अशी दुर्बीण हातीं आलेल्या विद्यार्थ्याच्या मनांत पहिला विचार येतो तो तिची कांच लखलखीत पुसून काढण्याचा. आमचें सांगणें असें कीं, रुमाल खिशांतच राहूं द्यावा आणि प्रथम ती दुर्बीण कोणती आहे हें ओळखावें. जुन्या दुर्बिणीस काळापेक्षां उतावळ्या हातांपासूनच अधिक धोका असतो.

१९५० नंतर कित्येक वर्षें जपानांत ६० मिलिमीटर रुंदीच्या भिंगाच्या दुर्बिणी विपुल तयार होऊन जगभर गेल्या; माळ्यावर सांपडणारी दुर्बीण पुष्कळदां ह्याच जातीची असते. एकाच कारखान्यांतली दुर्बीण निरनिराळे व्यापारी आपापलें नांव घालून विकीत, म्हणून नळीवरील नांवावरून फारसा बोध होत नाहीं. बोध होतो तो आंकड्यांवरून. नळीवर कोठेंतरी ‘डी’ ह्या इंग्रजी अक्षरापुढें ६० व ‘एफ’पुढें ७०० किंवा ९१० असे आंकडे बहुधा लिहिलेले असतात. पहिला आंकडा पुढील मोठ्या भिंगाची रुंदी सांगतो; दुसरा त्याचें नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूचें रेखीव चित्र भिंगापासून जितक्या अंतरावर पडतें तें, मिलिमीटरांत सांगतो. आंकडे पुसले गेले असल्यास नेत्रभिंग व त्याच्या अलीकडील काटकोनी आरसा काढून ठेवावा, नळी दूरच्या झाडाकडे करावी आणि तिच्या मागें पातळ कागद धरावा. झाडाचें उलटें चित्र कागदावर स्पष्ट उमटलें कीं भिंगापासून कागदापर्यंतचें अंतर मोजावें. आंकडा मिळाला.

नेत्रभिंगावरहि आंकडा असतोच. ९१० ला २० नें भागलें असतां सुमारें ४५ येतात. म्हणजे २० आंकड्याचें नेत्रभिंग लाविलें असतां वस्तु ४५ पट मोठी दिसते. भिंगाच्या रुंदीच्या दर मिलिमीटरामागें दोन पट, ह्या हिशेबानें ६० मिलिमीटरांच्या दुर्बिणीची मर्यादा १२० पट होय. तिच्याबरोबर आलेलें ४ आंकड्याचें नेत्रभिंग २२७ पट मोठें पण धुकट चित्र दाखवितें. पेटीवरील जाहिरातीस शोभा आणण्यापलीकडे त्याचा उपयोग नाहीं. ह्या नेत्रभिंगांची नळकांडी २४·५ मिलिमीटर जाडीचीं असतात, आणि आज प्रचारांत असलेलीं ३१·७ मिलिमीटरांचीं. दोहोंची सांगड घालणारें कडें विकत मिळतें. तें घेऊन एक चांगलें नवें नेत्रभिंग लाविल्यास जुनी दुर्बीण ओळखूं येत नाहीं इतकी सुधारते.

आतां कांचेविषयीं. पुढचें भिंग एक दिसलें तरी तीं दोन असतात: एक क्राउन कांचेचें, दुसरें फ्लिंट कांचेचें. एकट्या भिंगानें वस्तूच्या कडेस रंगांची झालर दिसते. ह्या जोडीनें ती बहुतेक नाहींशी होते. अशा जोडीचें पेटंट डॉलंड ह्या इंग्रज कारागिरानें १७५८ मध्यें मिळविलें. दोन भिंगांचा क्रम, त्यांच्या बाजू व मधल्या बारीक चकत्या हीं सर्व कारखान्यांत बसविलीं तशींच राहिलीं पाहिजेत. आमच्याकडे एका माजी विद्यार्थ्याच्या घरून आलेल्या दुर्बिणींत चंद्रहि पिठूळ दिसे. कोणी तरी स्वच्छतेसाठीं भिंगें सोडवून एक उलटें बसविलें होतें! तें पालटतांच खळगे न् खळगे दिसूं लागले. म्हणून भिंगें सोडविणें अगदीं अटळच झालें, तर आधीं दोहोंच्या काठांवर मिळून शिसपेन्सिलीनें एक तिरकी रेघ ओढावी. थोड्याशा धुळीनें चित्र बिघडत नाहीं; ती रबरी फुग्याच्या वाऱ्यानें उडवावी व राहील ती मऊ कुंचल्यानें झाडावी. बोटांचे डाग असल्यासच औषधी कापूस ऊर्ध्वपातित पाण्यांत ओला करून हलके, न दाबतां, फिरवावा. कोंकणांतल्या दमट घरांत भिंगावर बुरशीची जाळी धरते. ती फार दिवस राहिली तर कांचेवरचा लेप खाते. तेव्हां येथें मात्र दिरंगाई नको, जाणत्याकडे न्यावें.

नळीचें मागेंपुढें सरकणें आंवळलें असल्यास तो वाळलेल्या वंगणाचा दोष होय. दांतेरी पट्टीवरील जुनें वंगण रॉकेलच्या चिंधीनें पुसून नवें अगदीं थोडें लावावें. रॉकेल कांचेपासून दूर असावें. जपानी स्क्रूंची फुलीची खांच नेहमींच्या फुलीहून किंचित् निराळी असते, त्यामुळें बाजारी पेंचकस निसटून ती झिजवितो.

पेटींत एखादी गर्द रंगाची बारीक कांच निघेल, व तिच्या कड्यावर इंग्रजींत ‘सन’ असें लिहिलेलें असेल. ती नेत्रभिंगास लावून सूर्य पाहावा अशी तिची योजना होती. ६० मिलिमीटरांचें भिंग दोन मिलिमीटरांच्या बाहुलीपेक्षां ९०० पट प्रकाश व उष्णता गोळा करतें, आणि तो सारा ताप ह्या इवल्याशा कांचेजवळ एकवटतो. ती अकस्मात् तडकते, आणि डोळा मिटण्यापूर्वींच गेलेला असतो. घरच्या वडीलधाऱ्यांची आठवण म्हणूनहि ती कांच जपूं नये, फोडून टाकावी. दुर्बिणींतून सूर्याकडे पाहूं नये. डाग पाहावयाचेच असतील तर सूर्याचें बिंब नेत्रभिंगामागें धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडावें, व दुर्बिणीपाशीं एक मोठें माणूस उभें ठेवावें.

दुरुस्ती साधली कीं नाहीं ह्याची परीक्षा तारा करतो. रात्रीं एखादा तेजस्वी तारा मध्यभागीं आणून नळी किंचित् आंत व मग किंचित् बाहेर सरकवावी. दोन्ही वेळां गोल, एककेंद्री कडीं दिसलीं तर भिंगें नीट बसलीं आहेत. लांबट दिसलीं तर भिंग तिरकें किंवा कड्यांत आवळलेलें आहे. नंतर गुरूचे चार चंद्र व शनीचें कडें पाहावें. ४५ पटींत दोन्ही दिसतात.

मोठ्या दुर्बिणीहि हातोहात जातात. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत ग्रब ह्यांच्या कारखान्याची २० इंची दुर्बीण होती. प्रोफेसर नायगांववाला १९१२ मध्यें निवृत्त झाल्यावर ती कोडईकनालला गेली. वेधशाळेच्या दुर्बिणीची नोंद राहते, घरच्या दुर्बिणीची राहत नाहीं. याकरितां मोजलेले आंकडे, काय उघडलें, काय बदललें व कोणत्या सालीं, हें एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावी.