थाळनेरच्या बाजारात जेवायला काय मिळायचं?

पिंपळनेरहून बोलतोय. तुम्ही फ्रान्समधल्या जुन्या बाजारगावांचे रील पाठवलेत. दगडी गल्ल्या, चौकात चीजची दुकानं. भारीच. पण तसं मध्ययुगीन बाजारगाव आपल्याच धुळे जिल्ह्यात आहे भो, आणि त्या वाटेबद्दल एका फ्रेंच माणसानेच लिहून ठेवलंय.

गाव थाळनेर, शिरपूर तालुका. इथून तापी ओलांडायची, म्हणून काठावर किल्ला, आणि किल्ल्याच्या आधाराने बाजार. 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने हा मुलूख मलिक राजाला दिला. फारुकी घराण्याची ही पहिली राजधानी. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली, तरी सुरतेहून तिकडे जाणारे व्यापारी थाळनेरवरूनच जायचे. गेलात तर फारुकींच्या कबरी बघा, त्यातली अष्टकोनी तर नक्कीच.

आता खाणं. खान्देश म्हटलं की तुम्ही शेवभाजी मागणार. मीही मागतो! पण मिरची आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, म्हणजे मलिक राजाच्या नंतर शंभरेक वर्षांनी. त्याच्या काळात तो लालभडक, तर्रीवाला रस्सा नव्हताच. ज्वारी, उडीद, वांगी मात्र फार जुनी. त्यामुळे जुन्या बाजाराची चव हवी असेल तर कळण्याची भाकरी आणि बिनमिरचीचं भरीत खाऊन बघा. (हो, आजी रागावेल.)

आणि भात. तो फ्रेंच माणूस म्हणजे जवाहिऱ्या ताव्हर्निये. सतराव्या शतकात तो सुरत-बुऱ्हाणपूर वाटेने गेला. आमच्याकडून चरणमाळ घाट उतरला की नवापूर, तिथल्या तांदळाने त्याला वेड लावलं. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फाहून पांढरा, वास कस्तुरीचा. बडे लोक दुसरा तांदूळ खातच नाहीत, आणि इराणात कुणाला खूश करायचं तर याचं एक पोतं भेट न्यायचं, असं तो लिहितो.

आज बाजारात वासाचा तांदूळ मागा, बहुतेक इंद्रायणी हातात पडेल. चवीला छानच, पण तो वाण गेल्या शतकातला, मावळातल्या संशोधन केंद्रात तयार झालेला. ताव्हर्नियेने खाल्लेला नव्हे.

नवापूरकडे किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात कुणाच्या घरी आजीने बारीक दाण्याचं गावठी बियाणं अजून जपलं असेल, तर त्याला घरात काय म्हणतात ते आजीच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.