अंगणात भरलेली शाळा

आज देशभर पसरलेल्या अंगणवाडीची पहिली पावलं डहाणू तालुक्यात पडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडी उघडली, पण वारली पाड्यांवरची मुलं काही येईनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. आधी मुलांची नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. साधनं म्हणजे शिंपले, बिया, खडे, पानं. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर हललं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी थोरली बहीणही शिकू शकेल. मला ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला आली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी हे सगळं तिच्याकडे आलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं, तेही अंगणवाडी सेविकेनेच.

पण डहाणू आणि शेजारच्या तलासरी तालुक्यात अंगणवाडीच्या पटावरचं नाव आणि समोर बसलेलं मूल यांत अंतर पडतं. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही सोबत. म्हणून गावातल्या पटाइतकीच भट्टीवरच्या मुलांची नोंद हवी. आणि घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पहिली गोष्ट वारलीतच सांगणारी सेविका हवी.