तारेचा आधार, रबराची ओढ

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण उठता बसता वापरतो. संसार आणि नोकरी यांची सांगड, जमा आणि खर्च यांची सांगड. पण सांगड ही मुळात एक वस्तू होती, हे आपल्या ध्यानातून गेले आहे. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेले तरते वाहन म्हणजे सांगड. तमिळ कोळ्यांच्या ‘कट्टुमरम्’चा, म्हणजे बांधलेल्या लाकडांचा, शब्द इंग्रजांनी उचलला, त्याचे ‘कॅटमरान’ केले आणि जगभर नेले. आज दोन निमुळत्या होड्या आडव्या दांड्यांनी जोडून, मध्ये जाळीदार कापड ताणून केलेल्या शिडाच्या नावेला सगळे जग याच नावाने ओळखते.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला राहतो. त्याच्याकडे अशीच एक नाव आहे, होबी-१६ नावाची. त्याच किनारपट्टीवर सर्फिंगच्या फळ्या बनवणाऱ्या होबी ऑल्टर यांनी १९७०च्या सुमारास ती आणली. लांबी ५ मीटर, रुंदी २.४ मीटर आणि वजन अवघे १४५ किलो. आमच्या बँकेतली तिजोरी याहून कितीतरी जड होती! गेल्या उन्हाळ्यात मी तिथे असताना पुतण्याची चौदा वर्षांची मुलगी पहिल्यांदा ‘तारेवर’ जाणार होती. तिच्या आईला ते मुळीच रुचले नव्हते.

तारेवर जाणे म्हणजे काय? शिडात वारा भरला की नाव एका अंगावर कलते आणि वाऱ्याकडची होडी पाण्यातून वर उचलली जाते. तिला खाली दाबायला दुसरे वजन नसते, माणसाचेच वजन घालावे लागते. माणूस काठावर बसला, तर पलीकडच्या होडीपासून तो साधारण २.४ मीटरवर असतो. तोच काठावर पाय रोवून, पाठ पाण्याकडे करून बाहेर आडवा झाला, की त्याच्या वजनाचा मध्य आणखी मीटरभर बाहेर जातो. तेच वजन, पण त्याचा जोर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी जास्त. भांडवल न वाढवता एवढा फायदा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

या युक्तीचा बोलबाला झाला तो १९३८ साली. इंग्लंडमध्ये पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी ‘थंडर अँड लाइटनिंग’ या होडीला अशी सोय केली आणि मानाचा प्रिन्स ऑफ वेल्स चषक जिंकला. त्या वर्गाने लगेच या युक्तीवर बंदी घातली! स्कॉट म्हणजे दक्षिण ध्रुवावरून परतताना प्राण गमावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा मुलगा. पुढे तो पक्ष्यांचा अभ्यासक झाला आणि १९६१ साली जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांपैकी एक. युक्ती मात्र बंदीला पुरून उरली.

‘जो लटकणार, त्यानेच बांधायचे,’ असा पुतण्याच्या घरचा नियम. त्यामुळे वाळूवर बसून नात बांधत होती आणि मी पक्कड, कात्री हातात देत होतो. डोलकाठीच्या वरच्या भागातून दोन्ही बाजूंना दोन दोन पोलादी तारा खाली येतात. प्रत्येक तारेच्या टोकाला हाताने धरायची मूठ, तिच्याखाली उंची कमीजास्त करायची दोरी आणि शेवटी कडी. कमरेच्या पट्ट्यावर पोटाशी हुक असतो. कडी त्यात अडकवायची आणि तारेवर भार टाकून बाहेर जायचे. तिने प्रत्येक तारेवरून, विशेषतः टोकाच्या जोडापाशी, कापडाचा तुकडा फिरवला. तारेचा एखादा पीळ जरी तुटला असेल, तरी कापड तिथे अडकते. अडकले की ती तार बाद.

मग आला रबराचा दोर. आपण स्कूटरच्या कॅरिअरवर सामान बांधतो ना, त्याच जातीचा : आत रबराचे धागे, वर विणलेले वेष्टण. तो एका बाजूच्या कडीला बांधून, मधल्या कापडाखालून नेऊन पलीकडच्या कडीला बांधायचा. पुढच्या दोन तारांना एक, मागच्या दोन तारांना एक. माणसाचा भार हा दोर घेत नाही, तो तारेने घ्यायचा. रबराचे काम एवढेच, की माणूस आत आला की कडी काठाशी परत आणायची. दोर ढिला राहिला, तर तारा वाऱ्यावर झुलतात, शिडाच्या दोऱ्यांत गुंततात. फार ताणला, तर कडी हुकापर्यंत ओढता ओढता दमछाक होते. उन्हाने आणि खारट पाण्याने रबर विटते, म्हणून वेष्टण पिंजलेले दिसले की दोर बदलायचा.

‘नाव उलटली आणि ही अडकून राहिली तर?’ आईने विचारले. प्रश्न भाबडा नव्हता. उलटलेल्या शिडाखाली माणूस तारेला अडकून राहिल्याचे अपघात झालेले आहेत.

‘आई, हे बघ,’ नात म्हणाली. हुकाचे तोंड खाली असते. तारेवर भार आहे तोवर कडी वर ओढली जाते आणि हुकात राहते. भार गेला की ती खाली घसरते, रबर तिला खाली ओढून मदत करते.

‘आणि नाही सुटली तर?’

तेव्हा तिने पट्ट्यावरची कळ दाबली. हुकच पट्ट्यापासून सुटून खाली पडला. भार असतानाही तो असाच सुटतो. अलीकडे शर्यतींच्या नियमांनीही या सोयीचा आग्रह धरला आहे. शिवाय जॅकेटच्या खिशात दोरी आणि पट्टा कापायची छोटी सुरी होतीच.

मला आमचे जामीनपत्र आठवले. कर्जदाराला कसे बांधून घ्यायचे याची कलमे आम्ही बारकाईने वाचत असू. जामीनदाराची सुटका कशी व्हायची, हे क्वचितच कोणी विचारी. मुलांना आधार देतानाही आपण तारेची मजबुती तेवढी पाहतो. आधार भार पेलणारा हवाच, पण गरज पडताच सुटणाराही हवा, आणि दोन्हींची तपासणी भर किनाऱ्यावर, कोरड्या वाळूवर व्हायला हवी.

आईने ती कळ स्वतःच्या हाताने तीन वेळा दाबून पाहिली. तिन्ही वेळा हुक सुटला. मग तिने तो आपल्या हाताने पुन्हा बसवला, पट्टा एक घर आवळला आणि म्हणाली, ‘जा.’