पित्त बाहेर कोण टाकतं? यकृतपेशीवरचे पंप

पोटात जळजळ झाली की आपण म्हणतो, ‘पित्त झालं’. तो त्रास बहुतेकदा जठरातल्या आम्लाचा असतो. आज आपण बोलणार आहोत ते खऱ्या पित्ताबद्दल, म्हणजे यकृतात तयार होणाऱ्या पित्ताबद्दल.

यकृताच्या पेशीला दोन बाजू असतात. एक रक्ताकडची, दुसरी पित्तनलिकेकडची. रक्ताकडच्या पटलावर एनटीसीपी नावाचं वाहक प्रथिन असतं. सोडियम पेशीत शिरतो, त्याच्या जोरावर हे प्रथिन आतड्यातून परत आलेले पित्तक्षार आत ओढतं. हिपॅटायटिस बीचा विषाणूही याच दारातून आत घुसतो, हे २०१२ मध्ये कळलं.

आता दुसरी बाजू बघू. पित्तनलिकेत पित्तक्षार आधीच खूप दाटलेले असतात. विहिरीतलं पाणी वर चढवायला मोटर लागते ना, तसंच इथे बीएसईपी हा पंप एटीपीची ऊर्जा खर्चून क्षार बाहेर ढकलतो. त्यांच्यामागोमाग पाणी जातं आणि पित्त वाहू लागतं. दिवसाला साधारण ६०० मिलिलिटर!

पण पित्तक्षार हे साबणासारखे असतात. नुसतेच राहिले तर नलिकेची भिंतच खरवडतील. म्हणून एमडीआर३ हे प्रथिन त्यांच्या जोडीला फॉस्फोलिपिड पुरवतं. बिलिरुबिन बाहेर टाकण्याचं काम एमआरपी२ कडे. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर डुबिन-जॉन्सन आजार होतो. कावीळ दिसते, यकृत काळसर पडतं, पण जिवाला सहसा धोका नसतो.

बीएसईपी बिघडलं तर मात्र गोष्ट वेगळी. क्षार पेशीतच साचतात आणि पेशी मरू लागतात. तान्ह्या बाळाला कावीळ होते, खाजवून खाजवून झोप लागत नाही. काहींना पुढे यकृत प्रत्यारोपण करावं लागतं.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हेच पंप मंदावू शकतात. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय खाजतात, रात्री जास्त, अंगावर पुरळ मात्र नसतं. घरात कुणीतरी म्हणतं, ‘उष्णता झाली असेल’. तेवढ्यावर सोडून देऊ नये. डॉक्टरांना सांगून रक्तातले पित्तक्षार तपासून घ्यावेत, कारण ते फार वाढले तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पंपाची तक्रार आपल्यापर्यंत पोचते ती अशी, खाजेच्या रूपात.