केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत!

रात्रीचे दोन वाजलेले. स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठले, तर लेक आणि तिचे तिघे मित्रमैत्रिणी जमिनीवर कागद पसरून बसलेले. ‘‘आई, केस सोडवतोय. चहा टाकशील?’’ आता आमच्या पिढीला केस म्हटलं की एक तर डोक्यावरचे, नाहीतर कोर्टातली! मी बीए मराठीवाली. बॅलन्सशीट बघितली की अजूनही पोटात गोळा येतो.

चहा पिता पिता पोरांनी समजावलं. एखाद्या उद्योगाची खरी अडचण पंधरा-वीस पानांत लिहून देतात, आकडे देतात. तीन-चार जणांच्या गटानं ठरलेल्या वेळात त्यावर उपाय शोधायचा आणि परीक्षकांसमोर दहा-पंधरा मिनिटांत मांडायचा. नंतर प्रश्नांचा मारा. अशा ‘केस’ वर्गात शिकवायची रीत हार्वर्डमध्ये १९२० च्या दशकात रुजली. माँट्रियलच्या एका विद्यापीठात १९८१ पासून एमबीएच्या मुलांची अशी स्पर्धा भरते. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवरसुद्धा हार्वर्डनं २०१० मध्ये केस लिहिली आहे.

मला मात्र आवडली ती हैदराबादच्या मुलांची गोष्ट. २०१४ मध्ये तिथल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या पाच जणांनी ‘हल्ट प्राइझ’ जिंकलं, बक्षीस १० लाख डॉलर! विषय होता शहरी झोपडपट्टीतले मधुमेह, रक्तदाबासारखे आजार. वस्तीत घरोघरी जाणारे आरोग्य कार्यकर्ते तयार करायचे, त्यांना ‘साथी’ म्हणायचं आणि पिशवीत मावतील अशी तपासणीची साधनं त्यांच्या हाती द्यायची, असा त्यांचा ‘नॅनोहेल्थ’चा बेत होता. वस्त्यांत फिरणाऱ्या माझ्यासारखीला हे चटकन पटलं.

लेकीच्या स्पर्धेत केस मुलांनीच शोधायची होती. मी म्हटलं, आमचा बचत गट घ्या की! अकरा बायका थालिपिठाची भाजणी करून विकतात. पोरं दोन रविवार येऊन बसली. डाळींचे भाव, गिरणीचे पैसे, पिशव्या, गॅस, सगळं लिहून घेतलं. (भाजणी खमंग भाजताना ती किती वेळा हलवावी लागते, हे मात्र एकानंही विचारलं नाही.) तिसऱ्या रविवारी लॅपटॉपवर हिशोब दाखवला. दहा किलोची वीस पाकिटं, प्रत्येकी ९० रुपये, म्हणजे १८०० रुपये. खर्च १२४०. नफा ५६० रुपये, एकतीस टक्के! पोरांचे चेहरे फुललेले.

गटाच्या मावशी चष्मा पुढे ओढून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘पोरी, ह्यात आमची मजुरी कुठाय?’’

‘‘तुम्ही मजुरी घेत नाही ना मावशी, म्हणून शून्य धरली.’’

‘‘घेत न्हाई म्हंजी लागत न्हाई व्हय?’’

कुणी काही बोलेना. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं त्या गटाच्या वह्या मी तपासतेय आणि मजुरीचा रकाना मीही कधी आखला नव्हता. मग निवडणं, धुऊन वाळवणं, भाजणं, दळून आणणं, पाकिटं भरणं, एकेक काम मोजलं. तीन बायकांचे चार-चार तास, म्हणजे बारा. तासाला ५० रुपये धरले तरी ६०० झाले. एकतीस टक्के गेले कुठल्या कुठे, उलट ४० रुपयांचा तोटा!

लेक चिडली. ‘‘आई, तोट्यातली केस घेऊन कोण जिंकतं?’’ गटातल्या एका मुलानं सुचवलं, मजुरी तळटीपेत टाकू. रात्री बरीच वादावादी झाली. मी मध्ये पडले नाही, पण चहाही टाकला नाही.

शेवटी त्यांनी खरा हिशोबच मांडला आणि पाकीट १०० रुपयांना विकावं, म्हणजे मजुरी देऊन १६० रुपये उरतील, असं सुचवलं. परीक्षकांनी विचारलं, दहा रुपये वाढल्यावर गिऱ्हाईक टिकेल कशावरून? पोरांकडे उत्तर नव्हतं. बक्षीस दुसऱ्याच कॉलेजला गेलं.

आमचं मात्र तिथं संपत नव्हतं. मावशींनी तो हिशोब मराठीत लिहून मागितला आणि खोलीच्या भिंतीला चिकटवला. गटात दोन तट पडले. ‘‘भाव वाढवला आणि दुकानदार गेला तर आहे तेही जाईल,’’ हे सुनांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. शेवटी दिवाळीनंतर शंभरचा भाव लावला. तीन दुकानदारांपैकी एकानं माल थांबवला, दुसऱ्यानं निम्म्यावर आणला, तिसरा काही बोललाच नाही. पहिल्या महिन्यात मजुरी म्हणून प्रत्येकीच्या हातात थोडे थोडे पैसे पडले. वीस पाकिटं मात्र अजून खोलीत आहेत. येत्या रविवारी लेक आणि तो तळटीपवाला मुलगा ती घेऊन सोसायट्यांमधून फिरणार आहेत. मावशींनी बजावलंय, ‘‘तुमचे तास पण लिवून ठेवा.’’