आजारी मूल : घर व इस्पितळ

मूल आजारी पडलें म्हणजे घरांतील माणसांची बुद्धि एकाच वेळीं अनेक दिशांना धांवूं लागते. कोणी म्हणतो दृष्ट काढा. कोणी म्हणतो गुटींत वेखंडाचा एक वेढा अधिक द्या. कोणी 'आतांच्या आतां इस्पितळांत चला' असा धोशा लावतो. आणि या गोंधळांत जी घटका निर्णयाची, तीच निघून जाते. घरानें कोठपर्यंत सांभाळावें, इस्पितळाकडे केव्हां धांव घ्यावी, आणि तेथें मूल दाखल झाल्यावर आईबापांचें काम संपतें कीं चालूच राहतें, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

मुलांसाठीं स्वतंत्र इस्पितळ ही कल्पना फार प्राचीन नव्हे. पॅरिस येथें असें रुग्णालय सन १८०२ मध्यें निघालें. लंडनमध्यें डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीनें सन १८५२ मध्यें ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर तें उघडलें, तेव्हां त्यांत अवघ्या दहा खाटा होत्या. आपल्या मुंबईस परळ येथें बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवाचें मुलांचें रुग्णालय सन १९२९ मध्यें सुरू झालें, आणि आजतागायत गोरगरिबांचीं मुलें तेथें उपचारासाठीं येत आहेत. मुलांना निराळें इस्पितळ लागतें तें केवळ खाटा लहान हव्यात म्हणून नव्हे. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हें त्याचें खरें कारण. नवजात अर्भकाच्या वजनाचा सुमारें तीनचतुर्थांश भाग पाण्याचा असतो. त्याचा श्वास मोठ्या माणसाहून जलद चालतो. त्याच्या औषधाची मात्रा वयावर नव्हे तर वजनावर ठरते. आणि आपणांस कोठें दुखतें हें त्यास सांगतां येत नाहीं. म्हणून मुलाचें दुखणें जितक्या लवकर बरें होऊं शकतें, तितक्याच लवकर तें हाताबाहेरही जातें.

याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जुलाब. जुलाबानें मूल दगावतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार वाहून गेल्यामुळें. असें असतां 'पोटाला विश्रांति द्यावी' म्हणून मुलाचें अन्नपाणी तोडण्याची चाल सुशिक्षित घरांतही अद्याप आढळते. घागर गळते म्हणून तींत पाणीच ओतूं नये, असें म्हणण्यासारखें हें आहे.

सन १९७१ मध्यें पूर्व पाकिस्तानांतून लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले, आणि सरहद्दीजवळच्या बनगांव येथें पटकीची साथ उसळली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. रोगी जमिनीवर दाटीवाटीनें पडलेले. मदतीस माणसें थोडीं. अशा वेळीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचें मिश्रण पाण्यांत विरघळवून तें रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातीं दिलें. आया, मावश्या, भाऊ पेल्यापेल्यानें तें पाजूं लागले. शेंकडा तीसच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण त्या छावणींत शेंकडा चारच्या खालीं आलें. यांत जादू कांहीं नव्हती. साखर ही मिठाला हात देऊन आंतड्याच्या भिंतींतून आंत नेते, आणि मिठामागोमाग पाणी शोषलें जातें. जुलाब चालू असतांनाही ही सोय शाबूत असते. डॉ. महालनबीस सन २०२२ मध्यें निवर्तले, व पुढल्या वर्षीं सरकारनें त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिलें. त्यांच्या कामाचा खरा बोध मात्र घरांतील माणसांसाठीं आहे. जो उपाय त्या छावणींतील नातेवाइकांना साधला, तो आमच्या स्वयंपाकघरांत साधूं नये काय?

जीवनरक्षक क्षारांची, म्हणजे ओआरएसची, पुडी आज कोणत्याही औषधाच्या दुकानांत मिळते. एक लिटरची पुडी बरोबर एक लिटर स्वच्छ पाण्यांतच विरघळवावी. पाणी अंदाजानें घेऊं नये, व पुडी अर्धीमुर्धी वापरूं नये. तयार पाणी चोवीस तासांत संपवावें, उरल्यास ओतून द्यावें. पुडी हाताशीं नसेल तर एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें; मीठ याहून अधिक कदापि घालूं नये. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा पेला, व मोठ्यास अर्धा ते एक पेला हें पाणी द्यावें. मुलानें ओकून टाकलें तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें सुरू करावें. अंगावरचें दूध मुळींच तोडूं नये. वरचें खाणारें मूल असल्यास पेज, मऊ भात, वरण, ताजें ताक, केळें हें सर्व चालतें. बाजारांतील बाटल्यांतलीं गोड पेयें या पाण्याची जागा घेऊं शकत नाहींत. अधिक साखरेनें जुलाब उलट वाढतात. याच्या जोडीला जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या डॉक्टर चौदा दिवस देतात; जुलाब तिसऱ्या दिवशीं थांबले तरी त्या पुऱ्या कराव्या, कारण पुढील दोनतीन महिन्यांतील आजारही त्यांनीं कमी होतात.

आतां इस्पितळाकडे केव्हां निघावें, तें सांगतों. डोळे खोल गेले, रडतांना आसूं येत नाहींत, लघवी फारच कमी झाली, पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली असतां सावकाश बसते, मूल गळून पडलें किंवा पाणीही पिईना, शौचांतून रक्त पडूं लागलें, तर घरचे प्रयोग बंद. वाटेंतही क्षारांचें पाणी पाजीत पाजीत निघावें.

दुसरा आजार छातीचा. सर्दीखोकला प्रत्येक मुलास वर्षांतून अनेकदां होतो, आणि त्यांतील बहुतेक आपोआप बरे होतात. त्यांतून न्युमोनिया ओळखण्याची युक्ति इतकी साधी आहे, कीं तिच्यासाठीं घड्याळाखेरीज दुसरें साधन लागत नाहीं. मूल शांत असतां त्याच्या पोटावरील कपडा दूर करून पुरें एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील अर्भकाचे साठ किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तासाचाही विलंब करूं नये.

तापाविषयीं आमच्या घरांत भीति फार आणि माहिती थोडी. ताप हा शत्रु नव्हे. शरीराच्या झुंजीची ती खूण आहे. तापलेल्या मुलास गोधड्यांत गुंडाळूं नये, आणि बर्फाच्या पाण्यानेंही पुसूं नये. पातळ कपडे व भरपूर पाणी पुरे. पॅरासिटामॉल द्यावयाचें तर वजनाप्रमाणें, डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेंत. या औषधाच्या बाटल्या कमीअधिक तीव्रतेच्या असतात. म्हणून 'मागल्या वेळीं एक चमचा दिला होता' हा हिशेब कामाचा नाहीं. प्रत्येक वेळीं बाटलीवरील मजकूर वाचावा. ॲस्पिरिन मुलांस आपल्या मनानें कधींही देऊं नये. तापांत झटका आला तर मुलास कुशीवर निजवावें व घड्याळ पाहावें; तोंडांत चमचा घालूं नये, पाणी ओतूं नये; कांदा किंवा चप्पल हुंगविण्यानें कांहीं साधत नाहीं. झटका पांच मिनिटांहून अधिक टिकला तर रुग्णवाहिका बोलवावी; महाराष्ट्रांत त्यासाठीं १०८ हा क्रमांक आहे. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही डॉक्टरांस दाखवावेंच. आणि तीन महिन्यांच्या आंतील बाळास १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असला तर 'उद्यां पाहूं' असें म्हणूं नये. त्या वयांत ताप हेंच एकमेव लक्षण असूं शकतें.

या ठिकाणीं आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांशीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. बाळाचें अंग चोळणें, त्याला मऊ जुन्या लुगड्यांत लपेटणें, आईस सव्वा महिना विश्रांति देणें, हें त्यांचें शहाणपण आजही लाखमोलाचें आहे; मात्र कोवळ्या अंगास जोर लावूं नये व नाकाकानांत तेल सोडूं नये, एवढें पथ्य पाळावें. परंतु जन्मल्याबरोबर बाळास मध चाटविण्याची आमची चाल आतां सोडली पाहिजे. मधांत असणाऱ्या एका जंतूच्या बीजांनीं वर्षाच्या आंतील बाळास पक्षाघातासारखा घातक आजार होऊं शकतो. सहा महिनेपर्यंत आईच्या दुधाखेरीज गुटी नको, पाणीही नको. डोळ्यांत काजळ घालूं नये; कित्येक काजळांत शिसें आढळलें आहे. दृष्टीची तीट लावावयाची तर ती तळपायाला लावावी. तेथून ती बाळाच्या डोळ्यांत जाण्याचा संभव कमी असतो.

घरच्या माणसांवर विश्वास टाकला तर काय होतें, हें महाराष्ट्रानेंच जगाला दाखविलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची देखभाल शिकविली. सन १९९९ मध्यें त्यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं शेंकडा ६२ नीं घटलें. इस्पितळें अनावश्यक आहेत असा याचा अर्थ नव्हे. इस्पितळाचें काम घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतें, असा याचा अर्थ आहे.

आतां शेवटचा प्रश्न. मूल दाखल झालें. मग आईनें काय करावें? विलायतेंत दीर्घकाळ या प्रश्नाचें उत्तर 'घरीं जावें' असें होतें. भेटीच्या वेळा मोजक्या; कोठें आठवड्यांतून एकदां. आई आली कीं मूल रडतें, तेव्हां आई न येणेंच बरें, असा तर्क होता. न्यूकॅसल येथें डॉ. जेम्स स्पेन्स यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतच आयांना बाळांसह ठेवून घेण्यास आरंभ केला. परंतु त्यांचें फार थोड्यांनीं ऐकलें. पुढें सन १९५२ मध्यें जेम्स रॉबर्टसन यांनीं आठ दिवस इस्पितळांत राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट काढला. त्या चित्रपटांत आरडाओरड नाहीं. मूल हळूहळू गप्प होत जातें, आणि अखेरीस आई आली तरी तोंड फिरवितें. ज्या शांततेला परिचारिका 'मूल रुळलें' असें म्हणत, ती वास्तविक निराशा होती. सन १९५९ मध्यें तेथील सरकारी समितीनेंच, म्हणजे प्लॅट समितीनें, आईबापांस भेटीची मोकळीक असावी व लहान मुलाजवळ आईच्या राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली.

आमच्याकडे आई खाटेजवळ असणें ही पूर्वापार रीत. परंतु नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाचीं दारें मात्र तिला बंदच असत. तेंही मत आतां बदलत आहे. कमी वजनाच्या बाळास उघड्या छातीशीं कातडीला कातडी लावून धरण्याची पद्धत कोलंबियांतील बोगोटा येथें सन १९७८ च्या सुमारास सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेनें दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पांच देशांत केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. एक किलो ते १.८ किलोहून कमी वजनाच्या बाळांना प्रकृति स्थिरावण्याची वाट न पाहतां जन्मापासूनच असें छातीशीं ठेविलें असतां पहिल्या महिन्यांतील मृत्यु सुमारें एकचतुर्थांशानें घटतात. म्हणजे आई ही तेथें पाहुणी नव्हे, ती उपचाराचा भाग आहे. बापाची छातीही या कामीं तितकीच उपयोगी पडते, हें आम्ही पुरुष वाचकांच्या मुद्दाम नजरेस आणतों.

म्हणून इस्पितळांत जातांना एक वही बरोबर असावी. तींत ताप केव्हां व किती, शौच किती वेळां, लघवी शेवटची केव्हां, कोणतें औषध किती दिलें, मुलाचें वजन, लसींचें कार्ड व कोणतें औषध सोसत नाहीं, हें लिहिलेलें असावें. घाबरलेल्या आईच्या स्मरणापेक्षां ही वही डॉक्टरांस अधिक उपयोगी पडते. मुलाची नेहमींची गोधडी किंवा बाहुली घ्यावी. त्याला खोटें सांगूं नये. 'सुई मुळींच दुखणार नाहीं' असें म्हणणारी आई पहिल्याच टोचणीला आपला शब्द गमावून बसते. 'थोडें दुखेल, मी हात धरून बसेन' हें सांगणें खरें, आणि मुलास पेलणारेंही. खोड्या करणाऱ्या मुलास 'डॉक्टरांना बोलावतें हं' असा धाक घालणाऱ्यांनीं, पुढें त्याच डॉक्टरांच्या हातीं तें मूल द्यावयाचें आहे, याची आठवण ठेवावी. आप्तेष्टांनीं दहाजणांनीं पेढ्यांच्या पुड्या घेऊन खाटेभोंवतीं जमूं नये. एकानें घर सांभाळावें, एकानें आईस दोन तास झोंप मिळवून द्यावी, हें खरें समाचारास जाणें. आणि खाटेस शिवण्यापूर्वीं व नंतर प्रत्येकानें साबणानें हात धुवावे. सोंवळ्याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या घरांस हें शिकविण्याची वास्तविक गरज नसावी. पाण्याच्या जोडीला साबण हवा, एवढेंच त्यांत नवें.

बरें होऊन घरीं आलेलें मूल कांहीं दिवस चिकटून राहतें, रात्रीं दचकून उठतें, सुटलेलें अंथरूण ओलें करणें पुन्हां सुरू करतें. याला लाडावणें म्हणूं नये. औषधांचे दिवस पुरे करावे, वजन पंधरवड्यानें पाहावें, चुकलेली लस विचारून घ्यावी, आणि मूल कुशींत शिरलें तर शिरूं द्यावें.